जैववैद्यकीय संशोधनातील ऑनर्स वर्ष: विद्यार्थ्याला नेमके काय मिळते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जैवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र, जैवतंत्रज्ञान अशा विषयांत पदवी घेणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक ऑनर्स वर्षाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रवेशाच्या तारखा आणि शुल्क संस्थेगणिक वेगळे असल्याने येथील भर या वर्षात अंगी बाणणाऱ्या कौशल्यांवर आणि गुणांवर आहे.

ऑनर्स वर्ष म्हणजे नेमके काय?

पदवीचा नेहमीचा अभ्यासक्रम संपल्यावर, किंवा त्याच अभ्यासक्रमाचा अखेरचा टप्पा म्हणून, एकाच संशोधन प्रश्नावर मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली जवळजवळ पूर्णवेळ काम करायचे, त्यावर प्रबंध लिहायचा आणि परीक्षकांपुढे तो मांडायचा, असे या वर्षाचे स्वरूप असते. देशागणिक त्याची रचना बदलते. ऑस्ट्रेलियात विज्ञानाच्या तीन वर्षांच्या पदवीनंतरचे हे चौथे वर्ष असते आणि तेथील राष्ट्रीय पात्रता चौकटीत ते आठव्या स्तरावर, म्हणजे साध्या पदवीच्या एक पायरी वर मोजले जाते. दक्षिण आफ्रिकेत ऑनर्स ही पदवीनंतरची स्वतंत्र पदवी आहे. इंग्लंडमध्ये मात्र तीन वर्षांच्या नेहमीच्या पदवीलाही ऑनर्स म्हणतात, त्यामुळे परदेशी अर्ज भरताना ही गल्लत टाळावी. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली जाहीर केलेल्या चौकटीनुसार, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ हा मार्ग निवडता येतो.

पदवीच्या प्रात्यक्षिकांमध्ये आम्ही प्रयोग केलेच आहेत. मग यात वेगळे काय?

प्रात्यक्षिकाच्या तासाला उत्तर आधीच ठरलेले असते. द्रावणे तयार असतात, यंत्र तपासलेले असते, आणि अपेक्षेप्रमाणे रंग आला नाही तर चूक विद्यार्थ्याची आहे हे सर्वांना ठाऊक असते. ऑनर्सच्या प्रकल्पात उत्तर कोणालाच माहीत नसते, मार्गदर्शकालाही नाही. अपेक्षित निकाल आला नाही तर तीन शक्यता एकाच वेळी समोर उभ्या राहतात: हात चुकला असेल, पद्धत चुकली असेल, किंवा मूळ गृहीतकच चुकीचे असेल. या तिन्हींतली खरी कोणती हे शोधून काढण्याची क्षमता, आणि ते कळेपर्यंत घाईने निष्कर्ष न काढण्याचा संयम, ही या वर्षाची सर्वांत मोठी कमाई आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढच्या बहुतेक उत्तरांचा रोख तिकडेच आहे.

हाताला कोणती तंत्रे लागतात?

हे प्रकल्पावर अवलंबून असते, तरी काही गोष्टी जवळजवळ प्रत्येक लॅबमध्ये येतात. पिपेट अचूक वापरणे ही त्यांतली पहिली. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण एक मायक्रोलिटरइतके द्रव उचलताना टोकाला बाहेरून चिकटलेला थेंबसुद्धा मापात मोठी तफावत पाडतो. म्हणूनच अनुभवी माणूस प्रत्येक नळीत तो एक मायक्रोलिटर वेगळा घालत बसत नाही. सर्व नळ्यांना लागणारे समान मिश्रण एकदाच बनवतो आणि मग वाटतो. अशा सवयी पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतात. त्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्याकडे पाहून उचलाव्या लागतात.

त्यानंतर पेशीसंवर्धन येते. सस्तन प्राण्यांच्या पेशी साधारण ३७ अंश सेल्सिअस आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवायच्या, वेळेवर नव्या माध्यमात, म्हणजे पोषक द्रवात, हलवायच्या, काही साठा द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपून ठेवायचा, आणि हे सर्व जंतुसंसर्ग होऊ न देता करायचे. येथे विद्यार्थ्याला एक महत्त्वाची गोष्ट कळते: डोळ्यांना दिसत नाही म्हणून ती नाहीच असे नसते. मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिनसारखी औषधे त्याच्यावर चालत नाहीत. बुरशी किंवा इतर जिवाणू वाढले की माध्यम गढूळ होते. मायकोप्लाझ्मा वाढला तरी ते स्वच्छच दिसते. पेशी मात्र हळूहळू वेगळ्या वागू लागतात आणि महिनाभराचे आकडे निरुपयोगी ठरतात. त्याची ठरावीक काळाने चाचणी करावी लागते. ही चाचणी टाळायची नाही, ही शिस्त विद्यार्थ्याला इतर कोणत्याही तंत्राइतकीच उपयोगी पडते.

याशिवाय डीएनए आणि आरएनए वेगळे करणे, पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती बनवणे), प्रथिने ओळखण्यासाठी वेस्टर्न ब्लॉट, एलायझा, सूक्ष्मदर्शकाखाली रंगवलेल्या ऊती पाहणे, फ्लो सायटोमेट्री यांपैकी दोन-तीन तंत्रे बऱ्यापैकी अंगवळणी पडतात. सर्वच यावीत असा हट्ट धरू नये. एका वर्षात दोन तंत्रे खोलवर समजली, त्यांच्या मर्यादा कळल्या, तर दहा तंत्रे नुसती पाहिल्यापेक्षा ते कितीतरी मोलाचे आहे.

तंत्रे तर काही वर्षांत जुनी होतात. मग हे शिकून काय उपयोग?

शंका रास्त आहे. सँगर यांची डीएनए क्रम वाचण्याची पद्धत १९७७ साली आली, पीसीआरची कल्पना १९८३ मध्ये सुचली, आणि क्रिस्पर या तंत्राने जनुके हव्या त्या जागी कापता येतात हे २०१२ साली दाखवले गेले. दर काही वर्षांनी लॅबमधले टेबल बदलते. परंतु प्रत्येक तंत्रामागचा विचार बदलत नाही: मी जे मोजतो आहे ते खरोखर मला हवे तेच आहे का? किती कमी प्रमाण असले तरी ते मला दिसेल? काहीच नसतानाही यंत्र काहीतरी दाखवेल का? एका तंत्राबाबत हे तीन प्रश्न मनापासून विचारायला शिकलेला विद्यार्थी पुढचे तंत्र काही आठवड्यांत आत्मसात करतो. केवळ कृतीचे कागद पाठ केलेल्याला प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात करावी लागते.

प्रयोगाची आखणी करायला शिकवतात म्हणजे काय शिकवतात?

हे उदाहरणानेच सांगणे बरे. समजा, एका वनस्पतीपासून मिळवलेले संयुग कर्करोगाच्या पेशी मारते का, हा प्रश्न आहे. संयुग पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवले आहे. लॅबमध्ये त्याला सगळे डीएमएसओच म्हणतात. विद्यार्थी प्लेटच्या काही खाचांत संयुग घालतो, काहींत नुसते माध्यम ठेवतो, आणि दोन दिवसांनी मोजतो. संयुग घातलेल्या खाचांत जिवंत पेशी बऱ्याच कमी आढळतात. आलेख सुरेख येतो. लॅब मीटिंगमध्ये तो दाखवला की पहिलाच प्रश्न येतो: “फक्त डीएमएसओ घातलेल्या खाचा कुठे आहेत?” त्या नसतात. पुन्हा प्रयोग होतो, या वेळी त्यांच्यासह, आणि लक्षात येते की पेशी मरण्यामागे बराचसा हात द्रावकाचाच होता. संयुगाचा परिणाम शिल्लक राहतो, पण पूर्वी वाटला त्यापेक्षा बराच लहान.

एवढ्या एका प्रसंगातून विद्यार्थी जे शिकतो ते व्याख्यानांतून शिकवता येत नाही. पुढच्या वेळी प्लेटचा आराखडा कागदावर काढतानाच तो स्वतःला विचारतो की या निकालाचे दुसरे कोणते स्पष्टीकरण असू शकते, आणि ते खोडून काढण्यासाठी कोणती खाच राखून ठेवली पाहिजे. मग इतरही बारकावे सुचू लागतात. प्लेटच्या कडेच्या खाचांतून बाष्पीभवन अधिक होते, म्हणून सगळे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी राखलेल्या खाचा, कडेलाच ठेवायचे नाहीत. पेशी मोजणाऱ्याला कोणत्या खाचेत काय आहे हे शक्यतो माहीत नसावे. एकाच बाटलीतल्या पेशींच्या तीन खाचा म्हणजे तीन स्वतंत्र प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या संवर्धनातून किंवा वेगवेगळ्या दात्यांच्या नमुन्यांवर केलेले प्रयोगच स्वतंत्र म्हणायचे. हा शेवटचा फरक पदवीच्या वर्गात सांगितला जातो, पण स्वतःचा आकडा तीनवरून एकवर येतो तेव्हाच तो खऱ्या अर्थाने पटतो.

संख्याशास्त्र आणि संगणकाचे किती ज्ञान लागते?

सुरुवातीला फार लागत नाही. वर्षाअखेरीस मात्र बरेच आलेले असते. सरासरी, प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी यांतला फरक, दोन गटांची तुलना कधी करावी आणि अनेक गट असताना कोणती पद्धत वापरावी, नमुन्याची संख्या आधीच कशी ठरवावी, एवढे तरी नीट समजलेच पाहिजे. पी-मूल्य (खरा परिणाम नसतानाही असा किंवा याहून ठळक निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी आले की शोध लागला, अशी समजूत घेऊन अनेक जण येतात. प्रत्यक्षात कुठलाही परिणाम नसताना वीस स्वतंत्र चाचण्या केल्या तर त्यांतली किमान एक तरी निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. हे गणित एकदा स्वतः करून पाहिले की आकड्यांत हवे ते शोधत बसण्याचा मोह बराच कमी होतो.

संगणकाच्या बाबतीत ‘आर’ किंवा ‘पायथॉन’ यांपैकी एका भाषेत आलेख काढता आणि माहिती साफ करता आली तर फार मदत होते. प्रतिमांवरील मोजमापांसाठी इमेजजे हे मोफत साधन जगभर वापरले जाते. स्प्रेडशीट वापरताना सावध राहावे: एक्सेल काही जनुकांची नावे आपोआप तारखांमध्ये बदलते. ‘मार्च१’ हे एका जनुकाचे पूर्वीचे नाव त्याला १ मार्च ही तारीख वाटते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने काही नावेच बदलली. मूळ माहितीची प्रत कधीही न बदलता वेगळी ठेवायची आणि प्रत्येक फेरफाराची नोंद करायची, ही सवय ऑनर्सच्या वर्षात लागली तर ती पुढे कोणत्याही क्षेत्रात उपयोगी पडते.

लॅबच्या नोंदवहीवर इतका भर का दिला जातो?

कारण सहा महिन्यांनंतरचे आपण आजच्या आपल्याला ओळखत नसतो. ‘नेहमीप्रमाणे अँटीबॉडी वापरली’ अशी नोंद निरुपयोगी आहे. कोणत्या कंपनीची, कोणत्या लॉट क्रमांकाची, किती पातळ केलेली, किती वेळ आणि किती तापमानाला ठेवलेली, हे लिहिलेले असेल तरच दोन प्रयोगांचे निकाल वेगळे का आले हे शोधता येते. पुष्कळदा उत्तर लॉट बदलण्यात दडलेले असते. नोंद त्याच दिवशी करायची, चुकलेले खोडून न टाकता एका रेघेने काटायचे, आणि फसलेल्या प्रयोगाचीही तितकीच सविस्तर नोंद ठेवायची. यातून नुसती टापटीप येत नाही; आपण काय केले आणि काय केले असे आपल्याला वाटते, यांतले अंतर माणसाच्या लक्षात येते.

माझे प्रयोग फसले तर संपूर्ण वर्ष वाया जाईल का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त काळजीने विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

बहुतेक ऑनर्स विद्यार्थ्यांचे पहिले दोन-तीन महिने पद्धत बसवण्यातच जातात. वेस्टर्न ब्लॉटवर पट्टी येत नाही, आली तर चुकीच्या आकाराची येते, किंवा सगळा पडदाच काळा पडतो. परीक्षकांना हे ठाऊक असते. परीक्षक प्रबंधात प्रामुख्याने पाहतात ते असे: प्रश्न नीट मांडला आहे का, पद्धतीची निवड समर्थनीय आहे का, निकालांचा अर्थ त्यांच्या ताकदीइतकाच काढला आहे का, आणि विद्यार्थ्याला पुढे काय करावे लागेल याची जाण आहे का. ‘परिणाम आढळला नाही’ हा निकाल व्यवस्थित कंट्रोलसह आणि पुरेशा नमुन्यांवर मिळवला असेल, तर तो उत्तम गुण मिळवून देऊ शकतो. उलट, घाईघाईने काढलेला आकर्षक निष्कर्ष तोंडी परीक्षेत टिकत नाही.

अडचण सोडवण्याची पद्धत हे या काळातले खरे शिक्षण असते. पीसीआरमध्ये काहीच वाढले नाही तर एकाच वेळी पाच गोष्टी बदलायच्या नाहीत. आधी पूर्वी हमखास चाललेला नमुना त्याच मिश्रणात चालवून पाहायचा. तो चालला तर मिश्रण आणि यंत्र ठीक आहे, दोष आपल्या नमुन्यात किंवा प्रायमरमध्ये (कोणता तुकडा वाढवायचा हे ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या धाग्यांमध्ये) आहे. मग नमुन्याची शुद्धता तपासायची, मग प्रायमर जुळण्याचे तापमान बदलायचे. आणि नमुनाच न घातलेल्या नळीत काही वाढले असेल, तर कुठेतरी भेसळ झाली आहे हे मान्य करून पाणी आणि रसायने बदलायची. एका वेळी एक गोष्ट बदलायची आणि प्रत्येक पावलाआधी आपल्याला काय अपेक्षित आहे ते लिहून ठेवायचे. कारखान्यातील यंत्र असो वा रुग्णालयातील चाचणी, बिघाड शोधण्याची रीत हीच आहे.

कधी कधी तथाकथित फसलेल्या गोष्टीतच अर्थ सापडतो, मात्र त्यासाठी पाहणारा तयार असावा लागतो. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन हे जठरातील वळणदार जिवाणू वाढवण्याचा प्रयत्न करत होते. दोन दिवसांत काही दिसले नाही की प्लेट टाकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत त्या नेहमीपेक्षा जास्त दिवस उबवणीयंत्रात राहिल्या आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी या नावाने आज ओळखला जाणारा जिवाणू प्रथमच वाढलेला दिसला. त्याची वाढच मंद असते. जठरव्रणामागे तो आहे हे दाखवल्याबद्दल दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही कथा नुसत्या नशिबाची म्हणून सांगितली जाते, ते आम्हाला पटत नाही. वॉरन हे जिवाणू ऊतींच्या नमुन्यांत १९७९ पासून काळजीपूर्वक पाहत आले होते, म्हणूनच सुट्टीनंतरची ती प्लेट कोणी भेसळ म्हणून फेकून दिली नाही.

शोधनिबंध वाचायला वेगळे शिकावे लागते का?

होय, आणि हे बहुतेकांना अनपेक्षित असते. पदवीच्या काळात विद्यार्थी निबंधाचा सारांश वाचून त्यातील विधान खरे धरतो. ऑनर्समध्ये तो आधी आकृत्या पाहायला शिकतो, त्यांवरून स्वतःचा निष्कर्ष काढतो, आणि मग लेखकांचा निष्कर्ष त्याच्याशी जुळतो का ते तपासतो. किती नमुने होते? कोणती पेशीरेषा, म्हणजे एकाच मूळ नमुन्यापासून लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी, वापरली? हा दुसरा प्रश्न उगाच विचारलेला नसतो. अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञ स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६ साली दाखवले की वेगवेगळ्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक पेशीरेषा प्रत्यक्षात हेला नावाच्या मानवी कर्करोगपेशींनी बाधित होत्या; आजही चुकीची ओळख लागलेल्या पेशींवरील निबंध संदर्भ म्हणून वापरले जातात. २०१२ मध्ये अ‍ॅम्जेन या औषध कंपनीतील संशोधकांनी कळवले की कर्करोगविषयक ५३ महत्त्वाच्या अभ्यासांपैकी केवळ सहांचेच निष्कर्ष त्यांना पुन्हा मिळवता आले. हे आकडे विज्ञानावरचा विश्वास उडवण्यासाठी नाहीत. कोणत्या विधानावर किती भार टाकता येईल हे वाचकाने स्वतः ठरवायला हवे, एवढेच त्यांतून कळते.

लेखन आणि सादरीकरण किती सुधारते?

पुष्कळ. सामान्यतः आधी संशोधन प्रस्ताव, मग साहित्याचा आढावा, मध्यावर एक भाषण, अखेरीस प्रबंध आणि पुन्हा भाषण, असा क्रम असतो. प्रत्येक मसुदा लाल शाईने भरून परत येतो. पहिल्या वेळी मन खट्टू होते, तिसऱ्या वेळेपर्यंत विद्यार्थी स्वतःच ‘सिद्ध होते’ हे खोडून ‘सूचित होते’ असे लिहू लागतो. शब्दांतला हा काटेकोरपणा विचारांतूनच येतो. शिवाय, लॅबबाहेरच्या माणसाला आपले काम तीन मिनिटांत समजावून सांगणे हा स्वतंत्र सराव आहे, आणि तो घरच्या मंडळींवर करायला काहीच हरकत नाही.

नैतिकतेची परवानगी ही केवळ कागदपत्रांची औपचारिकता आहे का?

अजिबात नाही. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून घेतलेल्या पेशी त्यांच्या संमतीविना संशोधनात वापरल्या गेल्या. त्यांनाच जग हेला पेशी म्हणून ओळखते. मानवी नमुना हाताळणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्येक नळीमागे एक व्यक्ती आहे हे माहीत असले पाहिजे. संमतीपत्र, माहितीची गोपनीयता आणि मानवावरील वैद्यकीय संशोधनाविषयीच्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यातील तत्त्वे यांचा अभ्यास त्यासाठीच करावा लागतो. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडलेली तीन तत्त्वे जगभर मानली जातात: शक्य तेथे प्राण्यांऐवजी पर्याय वापरावा, प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवावी, आणि त्यांना होणारा त्रास कमी करणारी पद्धत निवडावी. समितीपुढे ‘आठच उंदीर का, सहा का नाहीत’ याचे उत्तर द्यावे लागते, तेव्हा संख्याशास्त्र आणि नैतिकता हे दोन वेगळे विषय राहत नाहीत. कमी प्राणी घेऊन उत्तर न देणारा प्रयोग करणे हाही त्या प्राण्यांवर अन्यायच आहे.

मार्गदर्शकांशी आणि लॅबमधील इतरांशी वागण्यातून काय शिकायला मिळते?

दैनंदिन शिकवण बहुधा पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडून किंवा लॅबमधील तंत्रज्ञांकडून मिळते, मार्गदर्शक आठवड्यातून एखाद्या वेळी भेटतात. त्यामुळे योग्य माणसाला योग्य वेळी नेमका प्रश्न विचारणे हे कौशल्य लवकर यावे लागते. ‘सर, चालत नाही’ असे सांगण्यापेक्षा ‘मी हे तीन बदल करून पाहिले, हे निकाल आले, मला दोष अँटीबॉडीत वाटतो’ असे सांगितले की चर्चा पुढे सरकते. सामायिक यंत्राची वेळ आधी नोंदवणे, संपत आलेले रसायन मागवणे, वापरलेली जागा पुसून ठेवणे या गोष्टींवरून लॅबमधला विश्वास ठरतो. टीका ऐकून घेण्याची ताकदही येथेच येते, आणि योग्य वेळी, योग्य शब्दांत मार्गदर्शकांशी असहमत होण्याचीही. आकडे वेगळे सांगत असतील तर ते विद्यार्थ्याने नम्रपणे पण ठामपणे मांडावेत. चांगल्या मार्गदर्शकाला त्याचा आनंदच होतो.

ताण फार असतो असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

खरे आहे. मुदत ठरलेली असते, पेशी सुट्टी पाळत नाहीत, आणि बरोबरीच्या विद्यार्थ्याचे निकाल आधी आले की मन अस्वस्थ होते. वेळेचे नियोजन, उबवणीच्या दोन तासांत वाचन उरकणे, आठवड्याची आखणी लवचीक ठेवणे या गोष्टी शिकाव्याच लागतात. मात्र रोज मध्यरात्रीपर्यंत थांबणे म्हणजे निष्ठा, ही समजूत आम्ही धोकादायक मानतो. थकलेला माणूस नळ्यांची अदलाबदल करतो, आणि आम्ल किंवा जंतू हाताळताना ती चूक केवळ प्रयोगापुरती राहत नाही. झोप लागत नसेल, लॅबमध्ये जाण्याची भीती वाटू लागली असेल किंवा वागणूक अपमानास्पद असेल, तर विभागाच्या समन्वयकांशी आणि समुपदेशकांशी लवकर बोलावे. मदत मागितल्याने गुण कमी होत नाहीत.

मला संशोधक व्हायचे नाही. तरीही हे वर्ष उपयोगाचे आहे का?

अनेकांसाठी आहे, सर्वांसाठी नाही. औषधांच्या चिकित्सालयीन चाचण्या, औषध नियमन, निदान प्रयोगशाळांतील गुणवत्ता नियंत्रण, वैद्यकीय लेखन, पेटंटविषयक काम, सार्वजनिक आरोग्य, विज्ञान शिक्षण या क्षेत्रांत पुरावा तोलून पाहणारी आणि तो स्पष्ट लिहिणारी माणसे लागतात. वैद्यकीय शिक्षणाकडे वळणाऱ्यालाही नव्या औषधाविषयीचा अभ्यास स्वतः वाचता येणे मोलाचे ठरते. तथापि, लॅबमध्ये पाऊल ठेवण्याचीच इच्छा नसेल आणि केवळ पुढे काय करावे हे सुचत नाही म्हणून कोणी हे वर्ष घेत असेल, तर आधी एखाद्या सुट्टीत काही आठवडे लॅबमध्ये काम करून पाहावे.

अर्जात आणि मुलाखतीत ही कौशल्ये कशी मांडावीत?

‘संघभावना, चिकाटी, विश्लेषणक्षमता’ असे शब्द प्रत्येक अर्जात असतात, त्यामुळे ते कोणी वाचत नाही. त्याऐवजी घडलेले सांगावे: कोणती अडचण आली, कारण शोधण्यासाठी काय क्रम ठरवला, काय निष्पन्न झाले, आणि पद्धतीत कोणता बदल केला जो लॅबमध्ये आजही वापरला जातो. तंत्रांची यादी देताना प्रामाणिक श्रेणी लावावी: स्वतंत्रपणे करू शकतो, देखरेखीखाली केले आहे, केवळ पाहिले आहे. मुलाखत घेणारा तज्ज्ञ दोन प्रश्नांत खरे-खोटे ओळखतो, आणि ‘हे मला अजून येत नाही’ असे सहज सांगणाऱ्या उमेदवारावर त्याचा विश्वास बसतो.

प्रकल्प आणि लॅब निवडताना काय पाहावे?

विषयाच्या आकर्षणाइतकेच मार्गदर्शनाला महत्त्व द्यावे. लॅबमधील आजी-माजी विद्यार्थ्यांशी मार्गदर्शकांच्या अनुपस्थितीत बोलावे आणि थेट विचारावे: मसुदा किती दिवसांत तपासून मिळतो, निकाल आले नाहीत तेव्हा वागणूक कशी असते, मागच्या ऑनर्स विद्यार्थ्यांनी प्रबंध वेळेत दिला का. प्रकल्पातील पद्धत लॅबमध्ये आधीपासून चालू आहे की ती विद्यार्थ्यानेच नव्याने बसवायची आहे, हेही कळायला हवे. एका वर्षाच्या मुदतीत नवी पद्धत, नवा प्राणी-नमुना (आजाराचा अभ्यास ज्यावर करायचा तो प्राणी) आणि नवे गृहीतक अशा तिन्ही गोष्टी एकत्र असलेला प्रकल्प शक्यतो घेऊ नये. नैतिकता समितीची परवानगी आधीच मिळालेली आहे का, हे लेखी पाहून घ्यावे, कारण तिला काही महिने लागू शकतात आणि तोवर एकही नमुना हातात घेता येत नाही. आणि मुख्य प्रयोग बसलाच नाही तर प्रबंध कशावर लिहायचा, याचे ठोस उत्तर मार्गदर्शकांकडे पहिल्याच भेटीत असेल, तर ती लॅब निवडण्याजोगी आहे असे समजावे.